विश्लेषण : ट्रेकला अंडी उकडून न्यावीत की कच्ची? फुटू न देता आणि पोट न बिघडवता न्याहारी कशी करावी?

पावसाळा सुरू झाला की शनिवारी रात्री मुंबईहून कसारा-कर्जतकडे आणि पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पाठीवर सॅक घेतलेल्यांची गर्दी वाढते. पवना धरणाच्या काठावर, भंडारदऱ्याला तंबू लागतात. मुक्कामाच्या शिध्यात अंडी हमखास असतात. स्वस्त, पोटभरीची आणि दहा मिनिटांत शिजणारी दुसरी वस्तू सहसा सापडत नाही. बहुतेक घरांत त्यासाठी एकच पद्धत आहे. निघायच्या आदल्या रात्री डझनभर अंडी उकडायची, सोलून डब्यात भरायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गडावर मीठ-तिखट लावून खायची. कच्ची अंडी फुटतात आणि उकडलेली टिकतात, हा त्यामागचा समज. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. उष्ण आणि दमट हवेत फ्रिजबाहेर उकडलेले अंडे कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होते. असे का होते आणि मग अंडी न्यायची तरी कशी, याविषयी…

कच्चे अंडे फ्रिजशिवाय कसे टिकते?

अंड्याचे टरफल मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. वरून ते गुळगुळीत दिसले तरी त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. पिल्लाला श्वास घेता यावा, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. या छिद्रांतून जिवाणू आत जाऊ नयेत म्हणून कोंबडी अंडे घालतानाच त्यावर एक पातळ नैसर्गिक थर चढतो. त्याला क्युटिकल म्हणतात. टरफलाच्या आत दोन पापुद्रे असतात. अंडे सोलताना बोटाला लागणारा पांढरा पापुद्रा तो हाच.

त्याच्याही आत पांढऱ्या भागाची संरक्षक फळी असते. पांढऱ्या भागातले लायसोझाइम हे विकर काही जिवाणूंच्या पेशीभित्तिका फोडते. ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे जिवाणूंना वाढीसाठी लागणारे लोह मिळत नाही. शिवाय अंडे जुने होत जाते तसतसा त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पांढरा भाग अधिकाधिक अल्कधर्मी होतो. तेही बहुतेक जिवाणूंना मानवत नाही. म्हणूनच न धुतलेले, न तडकलेले कच्चे अंडे किराणा दुकानातल्या ट्रेमध्ये काही दिवस व्यवस्थित राहते. एका रात्रीच्या ट्रेकसाठी ही मुदत पुरेशी असते.

मग उकडल्यावर ते लवकर का बिघडते?

उकडताना वरचे तिन्ही बंदोबस्त ढिले पडतात. पाण्यात उकळल्याने आणि नंतर चोळून धुतल्याने क्युटिकलचा थर निघून जातो आणि छिद्रे उघडी पडतात. उष्णतेने पांढऱ्या भागातली प्रथिने गोठतात, त्यांची जिवाणूंना रोखण्याची ताकद जवळजवळ संपते. अंडे थंड होताना आतला भाग आकसतो आणि बाहेरची हवा किंवा पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. अंडी ज्या पाण्यात गार केली ते पाणी स्वच्छ नसेल, तर त्यातले जिवाणूही आत जाऊ शकतात.

उकळण्याने आधीचे बहुतेक जिवाणू मरतात, हे खरे. पण त्यानंतर अंड्यात पुन्हा जिवाणू शिरले तर त्यांना अडवणारे काही उरत नाही. त्यांना मिळतात ती ओलसर, प्रथिनांनी भरलेली आणि प्रतिकार न करणारी जागा. म्हणूनच उकडलेली अंडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत आणि आठवड्याभरात संपवावीत, असा अमेरिकी कृषी विभागाचा सल्ला आहे. हवा ३२ अंश सेल्सियसपेक्षा गरम असेल तर दोन तासांऐवजी एकच तास धरावा, असेही तो विभाग सांगतो. रात्री अकराला उकडलेले अंडे दुसऱ्या दिवशी दुपारी एकला खाल्ले, तर मध्ये १४ तास जातात. त्यातले बरेचसे तास ते अंडे सॅकमधल्या कोंदट, गरम डब्यात असते.

अंडे सोलून नेले तर काय होते?

धोका आणखी वाढतो. निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू अनेकदा असतो. सोलताना तो बोटांवरून अंड्याच्या ओलसर पृष्ठभागावर येतो. उबदार डब्यात तो वाढतो आणि विष तयार करतो. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे ‘गडावर गेल्यावर परत गरम करून खाऊ’ या उपायाचा उपयोग होत नाही. जिवाणू मरतात, विष तसेच राहते. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होऊ शकतात. घरी ही एका रात्रीची गैरसोय असते. खडकात खोदलेल्या पायऱ्यांवरून किंवा ओल्या कातळावरून उतरायचे असेल, तर उलट्यांनी गळून गेलेला माणूस स्वतःसाठी आणि गटासाठीही धोक्याचा ठरतो.

कच्च्या अंड्यात धोका नसतोच का?

असतो, आणि त्याचे नाव साल्मोनेला. हा जिवाणू कोंबडीच्या विष्ठेतून टरफलावर येतो. त्यातला एक प्रकार तर कोंबडीच्या शरीरात असताना, टरफल तयार होण्याआधीच अंड्यात शिरू शकतो. त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसणारे अंडेही पूर्ण निर्धोक असेलच असे नाही. पण साल्मोनेला नीट शिजवल्यावर मरतो. पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवले, तर काळजीचे कारण राहत नाही. अंड्याचे मिश्रण असेल तर आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापमान पोहोचावे, असा मापदंड आहे.

कच्च्या आणि उकडलेल्या अंड्यातला व्यवहारातला फरक इथे आहे. कच्चे अंडे खाण्याच्या क्षणी शिजवले जाते आणि लगेच पोटात जाते. उकडलेले अंडे शिजल्यानंतर अनेक तास थांबून राहते. ट्रेकवर धोका असतो तो या थांबण्याचा. म्हणून ट्रेकवर हाफ फ्राय टाळावे. वाहता बलक घरी कितीही आवडत असला, तरी डोंगरावर तो घट्टच असू द्यावा. लहान मुले, गर्भवती आणि ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर याबाबत अजिबात सवलत घेऊ नये.

अंडी फ्रिजमधून काढून न्यावीत की दुकानातून थेट?

याचे उत्तर जगात दोन प्रकारे दिले जाते. अमेरिकेत दुकानात विकली जाणारी अंडी धुतली जातात. धुतल्याने क्युटिकल जाते, म्हणून पुढे ती सुमारे सात अंश सेल्सियसला थंडच ठेवावी लागतात. युरोपीय संघात याउलट पहिल्या दर्जाची अंडी सर्वसाधारणपणे धुवायला मनाई आहे. तिथे ती दुकानात फ्रिजबाहेर मांडलेली दिसतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. गोंधळ होतो तो दोन्हींची सरमिसळ केल्यावर.

फ्रिजमधले थंड अंडे पावसाळी दमट हवेत बाहेर काढले की त्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात. थंड पाण्याच्या बाटलीला घाम सुटतो, तसाच हा प्रकार. टरफलावरचे जिवाणू या ओलाव्याबरोबर छिद्रांतून आत जाऊ शकतात. त्यामुळे ट्रेकसाठीची अंडी आधीच आणून फ्रिजमध्ये ठेवण्याऐवजी निघण्याच्या दिवशी दुकानातल्या उघड्या ट्रेमधून घ्यावीत आणि ती फ्रिजमध्ये ठेवूच नयेत. काही पाकीटबंद अंडी धुऊन विकली जातात. ती घरच्या वापराला चांगली, पण डोंगरावर न्यायला सुटी, न धुतलेली अंडी बरी. घाण लागलेले अंडे धुऊन नेण्यापेक्षा दुकानातच बाजूला काढावे. गावरान अंड्याला थोडी माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी आणि फोडायच्या आधी धुवावे.

मे महिन्यातल्या उकाड्यात हे गणित अधिक कडक होते. गरमीत पांढरा भाग पातळ होतो, बलकाभोवतीचा पडदा सैल होतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एका मुक्कामापुरती अंडी नेणे सोपे आहे. कडक उन्हाळ्यात ती पहिल्याच सकाळी संपवावीत आणि उन्हात तापलेल्या गाडीत कधीही ठेवू नयेत.

अंडे चांगले आहे, हे कसे ओळखावे?

सुट्या अंड्यावर तारीख नसते. शिवाय महाराष्ट्रात परराज्यांतूनही अंडी येतात, त्यामुळे दुकानात ‘आजच आलेले’ अंडे काही दिवसांपूर्वीचे असू शकते. पाण्याची चाचणी सोपी आहे. ताजे अंडे भांड्याच्या तळाशी आडवे पडते. थोडे जुने तळाशीच राहते, पण उभे होते. फार जुने तरंगते. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. आतले पाणी छिद्रांतून उडत जाते तशी ती मोठी होते आणि अंडे हलके होते. मात्र ही चाचणी वय सांगते. साल्मोनेला आहे की नाही, हे तिच्यातून कळत नाही. चाचणीसाठी भिजवलेले अंडेही बरोबर नेऊ नये. घेतलेल्या अंड्यांपैकी एकावर चाचणी करावी आणि ते घरी ठेवावे.

तडकलेले अंडे मात्र घेऊच नये. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवली की अखंड अंड्यांचा स्वच्छ, टणक आवाज येतो, तडा गेलेल्याचा बद्द येतो. वाटेत तडकलेले अंडे ‘वाया जाईल’ म्हणून जपून ठेवू नये, ते टाकून द्यावे. फोडताना प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. एक खराब निघाले तरी बाकीची पाच वाचतात.

फुटू नयेत म्हणून कशी बांधावीत?

अंडी सुरक्षित नेण्याचा प्रश्न जुना आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जोसेफ कॉयल नावाचे वृत्तपत्र चालवणारे गृहस्थ होते. तिथला एक शेतकरी आणि हॉटेलमालक यांच्यात फुटक्या अंड्यांवरून वाद चाले. त्यावर तोडगा म्हणून कॉयल यांनी १९११ मध्ये प्रत्येक अंड्याला वेगळा कप्पा असलेली कागदी पेटी तयार केली. आजचा ट्रे आणि खोके त्याच कल्पनेवर चालतात. अंडे अंड्याला लागू द्यायचे नाही, हे त्यातले सूत्र.

अंड्याचा आकार कमानीसारखा असतो. टोकांवर येणारा दाब ते बऱ्यापैकी सहन करते, पण बाजूने बसलेला टोकदार धक्का त्याला सहन होत नाही. म्हणून ते उभे, निमुळते टोक खाली करून ठेवावे. तसे ठेवल्याने हवेची पोकळी वर राहते आणि बलक मध्यभागी टिकतो.

ट्रेकच्या सामानाच्या दुकानांत सहा किंवा बारा अंड्यांचे प्लास्टिकचे डबे मिळतात. एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालतात. अंडे कप्प्यात सैल हलत असेल तर खाली कागदी रुमालाची घडी घालावी. दुकानातला कागदी लगद्याचा ट्रे पावसात भिजून मऊ पडतो. शिवाय त्यावर विष्ठेचे डाग असू शकतात, त्यामुळे तो कापून सॅकमध्ये घालू नये.

डबा नसेल तर घरचा उपाय आहे. गावाकडे अंडी तांदळात किंवा कोंड्यात पुरून ठेवण्याची पद्धत आहेच. झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात तळाशी तांदळाचा थर द्यावा, त्यावर एकमेकांना न लागतील अशी अंडी उभी ठेवावीत आणि मधली जागा तांदळाने भरावी. दुसऱ्या दिवशी हेच तांदूळ धुऊन खिचडीला वापरता येतात. यात एक पथ्य आहे. पोहे, चुरमुरे किंवा चिवडा यांत अंडी पुरू नयेत. हे पदार्थ नीट धुऊन उकळले जात नाहीत, त्यामुळे टरफलावरची घाण थेट ताटात येते. आणि एखादे अंडे फुटलेच, तर सगळा शिधा फुकट जातो.

सॅकमध्ये डबा मधोमध आणि वरच्या भागात असावा. तळाशी ठेवला तर सॅक जमिनीवर आपटताना पहिला मार त्यालाच बसतो. बाहेरच्या कप्प्यात ठेवला तर लोकलच्या गर्दीत चेपतो. डब्याभोवती टॉवेल किंवा स्वेटर गुंडाळावा आणि सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, म्हणजे फुटले तरी कपडे वाचतात. माणशी दोन अंडी आणि प्रत्येक सहामागे एक जादा, हा हिशोब पुरतो. एक अंडे साधारण ५० ते ५५ ग्रॅमचे असते. म्हणजे डझनाचे वजन सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम, अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटलीपेक्षा थोडे जास्त.

घरीच फोडून बाटलीत भरून नेली तर?

समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत ही युक्ती वारंवार दिसते. अंडी फेटून पाण्याच्या बाटलीत भरायची आणि गडावर थेट तव्यावर ओतायची. फुटण्याची चिंता मिटते, पण टरफलाचे संरक्षणही जाते. डझनभर अंडी एकत्र झाल्याने एकातला जिवाणू सगळ्यांत पसरतो. थंड हवेच्या देशात किंवा बर्फ भरलेल्या डब्यात हे जमते. कोकणकड्यापर्यंतच्या चार-पाच तासांच्या चालीत नाही.

कच्च्या अंड्याचा प्रश्न किती गंभीर मानला जातो, हे दक्षिणेतल्या राज्यांच्या निर्णयांवरून दिसते. कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी तशीच बंदी जाहीर केली. ट्रेकला सँडविच नेताना त्यात मेयोनीज असेल तर ते अंड्याविरहित आहे ना, हे पाहावे.

अनेक दिवसांच्या मोहिमेसाठी अंड्याची पावडर हा पर्याय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ताज्या अंड्यांचा तुटवडा पडला, तेव्हा शिधापत्रिकेवर अशी पावडर दिली जात होती. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. त्यामुळे वजनाने एक भाग पावडरला तीन भाग पाणी, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे. बुर्जी किंवा ऑम्लेटला ती चालते. पाणी घातल्यावर मात्र ती कच्च्या अंड्यासारखीच समजावी आणि लगेच शिजवावी.

तरीही उकडूनच न्यायची असतील तर?

गटात स्टोव्ह नसेल किंवा एका दिवसाचाच ट्रेक असेल, तर उकडलेली अंडी सोयीची ठरतात. तेव्हा चार गोष्टी पाळाव्यात. अंडी आदल्या रात्री उकडली तर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात गार करावीत, पुसून कोरडी करावीत आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावीत. निघताना टरफलासकट न्यावीत, सोलू नयेत. तडकलेली घरीच खाऊन टाकावीत. आणि बाहेर काढल्यापासून दोन तासांत, म्हणजे गाडीत किंवा पायथ्याच्या गावात पोहोचताच, ती संपवावीत. उकडलेले अंडे ही पायथ्याची न्याहारी आहे, माथ्यावरचे जेवण नाही, एवढे ठरवले तरी पुरे. उरलेली दुपारसाठी ठेवण्याचा मोह टाळावा.

डोंगरावर अंडे शिजायला जास्त वेळ लागतो का?

थोडा लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण दर ३०० मीटरला एक अंश घट होते. कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरवर आहे. तिथे पाणी सुमारे साडेचौऱ्याण्णव अंशांना उकळते. बलक ७० अंशांच्या आसपास आणि पांढरा भाग ८० अंशांच्या पुढे पूर्ण घट्ट होतो. म्हणजे सह्याद्रीत अंडे न शिजण्याचा प्रश्न नाही. घरी दहा मिनिटे लागत असतील तर तिथे बारा धरावीत. लडाखमध्ये लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. तिथे आणखी काही मिनिटे द्यावी लागतात. थंड वारा आणि झाकण नसलेले भांडे यांनीही बराच वेळ जातो. झाकण नेणे हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

कमी भांड्यांत कोणत्या न्याहाऱ्या होतात?

वाफेवरची अंडी : पातेल्यात बोटभर पाणी घ्यावे, उकळी आल्यावर अंडी ठेवून घट्ट झाकण लावावे आणि १२ मिनिटे वाफ द्यावी. पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात. गडावरच्या टाक्यातून पाणी वाहून आणावे लागते, तिथे हा फरक कळतो. अंडी थोडी जुनी असतील तर सोलायला सोपी जातात, कारण पांढरा भाग पापुद्र्याला कमी चिकटतो. बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर घाबरू नये. जास्त शिजल्याने तयार झालेले ते लोह आणि गंधकाचे संयुग असते आणि निरुपद्रवी असते.

बुर्जी : चौघांसाठी आठ अंडी, दोन मोठे कांदे, एक टोमॅटो, तीन मिरच्या, दोन चमचे तेल. हळद, तिखट, मीठ घरूनच एका पुडीत एकत्र करून न्यावे. कांदा आदल्या रात्री चिरून नेऊ नये, तो पाणी सोडतो आणि सगळ्या सॅकला वास लागतो. कांदा-मिरची परतून टोमॅटो मऊ झाला की अंडी फोडून घालावीत आणि ओलसरपणा जाईपर्यंत हलवावे. बरोबर पाव नेले तर ते सॅकमध्ये चेपतात. भाकरी किंवा चपाती चांगली टिकते.

अंडा-पोळी : दोन अंडी तिखट-मीठ घालून फेटावीत, तव्यावर पसरावीत आणि वरचा भाग ओला असतानाच त्यावर घरून आणलेली चपाती दाबून बसवावी. उलटून दुसरी बाजू भाजावी, कांदा घालून गुंडाळी करावी. ताट लागत नाही, भांडी घासावी लागत नाहीत. घाईच्या सकाळी हीच सगळ्यात सोयीची.

अंडा-मॅगी : नूडल्स जवळजवळ शिजल्या की उकळत्या रश्श्यात माणशी एक अंडे फोडून घालावे आणि झाकण ठेवून बलक घट्ट होऊ द्यावा. एका अंड्यातून सहा ते सात ग्रॅम प्रथिने मिळतात. नुसत्या नूडल्सपेक्षा पोट जास्त वेळ भरलेले राहते.

चारही पदार्थांत एक नियम समान आहे. कच्च्या अंड्याला हात लागला की साबणाने किंवा निदान स्वच्छ पाण्याने हात धुवावेत आणि मगच पोळीला हात लावावा. अंडी फेटलेल्या वाटीत शिजलेली बुर्जी वाढू नये.

चूल पेटवावी की गॅस न्यावा?

चूल पेटवण्याआधी जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहावे लागते. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात मनाई असताना आग पेटवणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचीही बंधने असतात. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. हिवाळ्यानंतर गवत वाळले की एका ठिणगीने अख्खा उतार जळतो. त्यामुळे लाकडे तोडून चूल मांडण्यापेक्षा परवानगी असलेल्या जागी छोटा स्टोव्ह वापरावा. मात्र गॅसची नळकांडी, रॉकेल किंवा पेट्रोल रेल्वेतून नेण्यास बंदी आहे, हे लोकलने जाणाऱ्यांनी विसरू नये. आणि पाऊस कितीही असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो. या वायूला वास नसतो.

अंडी डोंगराखालच्या गावातच घेतली तर?

शक्य असेल तिथे हाच सर्वांत चांगला पर्याय. राजमाचीचे उधेवाडी, कळसूबाईचे बारी, हरिश्चंद्रगडाचे पाचनई अशा गावांत ट्रेकरच्या न्याहारी-जेवणाची सोय घरोघरी होते. आधी फोन करून सांगितले तर बुर्जी-भाकरी तयार मिळते. अंडी शहरातून हलवावी लागत नाहीत, चूल पेटवावी लागत नाही आणि पैसे गावात राहतात.

काही ठिकाणी अंड्याला नकारही मिळू शकतो. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचे देऊळ आहे, हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वराचे. अशा जागी अंडी शिजवणे ग्रामस्थांना रुचत नाही. ट्रेकचा ऐन हंगाम श्रावणात येतो आणि गटातल्या अनेकांना तेव्हा अंडी चालत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे भांडे आणि वेगळा पळा घ्यावा आणि हे आधीच विचारून ठरवावे.

टरफले ‘आपोआप कुजतील’ म्हणून झाडाखाली टाकणेही चुकीचे. कॅल्शियम कार्बोनेट लवकर कुजत नाही आणि त्याला चिकटलेल्या अंशाच्या वासाने माकडे, कुत्री, उंदीर मुक्कामाच्या जागी येऊ लागतात. टरफले चुरून पिशवीत घालावीत आणि घरी आणावीत. घरच्या कुंडीत ती कामाला येतात.

पोट बिघडलेच तर काय करावे?

साल्मोनेलाची लक्षणे सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. जुलाब, ताप आणि पोटात कळा. बहुतेक जण चार ते सात दिवसांत बरे होतात, पण डोंगरावर खरी भीती शरीरातले पाणी कमी होण्याची असते. प्रत्येक सॅकमध्ये ओआरएसची पाकिटे असावीत. जुलाब सुरू होताच एक पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावे. शौचातून रक्त येत असेल, ताप ३९ अंशांच्या आसपास असेल, पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल किंवा लघवी जवळपास थांबली असेल, तर पुढचा ट्रेक सोडून आजाऱ्याला सोबत देऊन उजेडातच खाली न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. एकट्याला ‘तू हळूहळू उतर’ म्हणून पाठवू नये.

यातली बहुतेक खबरदारी घरातून निघण्याआधीच घेता येते. अंडी त्याच दिवशी दुकानातल्या ट्रेमधून घ्यावीत, कोरडी आणि अखंड निवडावीत, कप्प्याच्या डब्यात उभी ठेवून कच्चीच न्यावीत आणि पहिल्या सकाळी बलक घट्ट होईपर्यंत शिजवून तिथल्या तिथे संपवावीत. आदल्या रात्री डझनभर अंडी उकडून सोलण्यात जाणारा अर्धा तासही वाचतो.